हंचाटे अण्णांची झबली

फुटकी कॉइल परत आली की हंचाटे अण्णा हातातला चहा आधी खाली ठेवत, चष्मा पुसून लावत आणि ज्या कुणी ती फोडली असेल त्याला, तो तिथं हजर नसला तरी, चांगली पाच मिनिटं झापत. सुरुवात मराठीत, शेवट कानडीत. मग कॉइलवरून हात फिरवून म्हणत, “सरी, बरं. बघू या, काय लागलंय हिला.”

मी पुण्याहून बंगळूरला आले ती बोम्मसंद्र्याच्या एका लहानशा कारखान्यात. नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. आम्ही मेटल डिटेक्टर बनवत होतो. देवळाबाहेर पोलीस अंगावरून फिरवतात ते नव्हेत, जमिनीवरचे. कमरेएवढा दांडा, वर बटणांची डबी आणि खाली जेवणाच्या ताटलीएवढी चपटी गोल कॉइल. ती जमिनीवरून, लाकडावरून फिरवायची, खाली लोखंड असलं की वरची डबी ओरडते. पाणीपुरवठ्याची माणसं डांबराखाली गाडली गेलेली व्हॉल्व्हची झाकणं शोधायला ती नेत, आणि लाकडाच्या मिलवाले ओंडक्यात रुतलेले खिळे शोधायला. यंत्राचा सगळा जीव त्या ताटलीत. आत बारीक तांब्याच्या तारेचे वेढे, वरून राळ ओतून बंद केलेले. ताटलीला तडा गेला, पाणी शिरलं, की यंत्र एकतर वेड्यासारखं ओरडत सुटतं नाहीतर तोंड मिटून बसतं. आणि लोक ती ताटली कशी वापरत, ते बघून कपाळावर हात मारायची वेळ यायची. कुणी तिनं दगड सरकवी, कुणी कुत्री हाकी. एका महाभागानं तिच्यावर बसून डबा खाल्ला होता आणि तसं पत्रात लिहूनही पाठवलं होतं.

तपासणी विभाग माझ्याकडे होता. विभाग म्हणजे मी आणि एक टेबल. माझ्यानंतर शेवटचं टेबल अण्णांचं, दुरुस्तीचं आणि बांधाबांधीचं.

अण्णा पक्के बंगळूरचे. त्यांचं घराणं इथं येऊन किती पिढ्या झाल्या हे त्यांनाही सांगता येत नसे. “मराठे इकडं लढायला आले, आम्ही त्यांचे अंगरखे शिवायला आलो,” ते म्हणत. “ते गेले. आम्ही राहिलो. कपडे तर सगळ्यांनाच लागतात की.” चिकपेटमधल्या एका गल्लीत वडलांचं शिंप्याचं दुकान होतं, ते बसलं. मग अण्णा रेडिओ दुरुस्ती शिकले आणि फिरत फिरत आमच्याकडे आले. त्यांचं मराठी घरात जपलेलं, मध्ये मध्ये कानडी ठिगळं लावलेलं. माझं मराठी ऐकून ते पहिल्याच दिवशी म्हणाले, “अक्का, तुम्ही रेडिओवर बातम्या सांगायच्या सोडून इथं कशा आलात?” मला राग आला होता. पुण्याची असल्यामुळे मला राग लवकर येतो आणि तो बरोबरच होता असं पुढे बरीच वर्षं वाटत राहतं. पण अण्णांवरचा दुपारपर्यंतसुद्धा टिकला नाही, कारण जेवणाच्या सुट्टीत त्यांनी न विचारता आपल्या डब्यातला अर्धं चित्रान्न, तो लिंबाचा पिवळा भात, माझ्या डब्याच्या झाकणात ओतलं.

तर कॉइली फुटून परत येत. एवढ्या येत की आमचे मालक मूर्तीसाहेब यंत्र विकायलाच घाबरू लागले होते. तेव्हा अण्णांनी घरून वडलांचं पायाचं शिलाई मशीन टेम्पोत घालून आणलं. जाड रेक्झिन कापलं, तळाला प्लॅस्टिकची चकती बसवली, कडेनं दोरी ओवली आणि कॉइलला मापाचा अंगरखा शिवला. धातूचं एक बटण नाही, हुक नाही. घासायची ती चकती घासेल, झिजली की दुसरी. तारेचे वेढे घालणाऱ्या बायकांनी ते बघितलं आणि पदर तोंडाला लावून हसल्या. एक म्हणाली, कॉइलला झबलं! तेव्हापासून मालकांच्या कागदातही ते झबलंच.

कॉइली परत यायच्या जवळपास थांबल्या. अण्णांनी साठी ओलांडली होती. मूर्तीसाहेब दर वर्षी त्यांना एक वर्ष वाढवून देत आणि सगळ्यांसमोर सांगत, “झबली आहेत तोवर अण्णा आहेत.” अण्णा हसत, पण घरी मुलाच्या संसारात कोपऱ्यात बसून राहायचं त्यांना जिवावर यायचं, हे मला माहीत होतं. ते टेबल त्यांना हवं होतं.

झबलं शिवून दिलं म्हणजे झालं असं त्यांचं नव्हतं. यंत्र घ्यायला आलेल्या माणसाची ते परीक्षा घेत. सकाळी फाटकापुढे बायकांनी रांगोळी काढलेली असायची. अण्णा त्या माणसाच्या हातात यंत्र देत आणि सांगत, रांगोळीवरून फिरव. दोन बोटं वर. एकही रेघ पुसली नाही पाहिजे. मोठमोठे सुपरवायझर घाम पुसत. रांगोळी पुसली गेली की अण्णा स्वतः उकिडवे बसून ठिपके मांडून ती पुन्हा काढत, आणि मग, “हूं, परत.” एका अधिकाऱ्यानं चिडून विचारलं, “मी इंजिनिअर आहे, मला झाडू मारायला शिकवता?” अण्णा शांतपणे म्हणाले, “तेच सांगतोय सर. ही झाडू नव्हे.”

त्यांचे नियम साधे असत. केबलला धरून यंत्र उचलायचं नाही. केबल दांड्याला गुंडाळताना पहिला वेढा सैल, बाळाच्या कमरेला करदोटा बांधतात तेवढाच. उन्हात जीपच्या काचेखाली टाकायचं नाही. आणि रोज संध्याकाळी झबलं काढून झटकायचं. “वाळू आत राहिली तर झबलंच कॉइलला खाईल,” ते बजावत.

त्यांची आणखी एक सवय होती, ती दुकानातून आलेली. रेक्झिन जाड, सुई मोडायची. सुई मोडली की अण्णा मशीन थांबवत, दोन्ही तुकडे शोधत, टेबलावर एकमेकांना जोडून बघत आणि मग काडेपेटीत टाकत. दोन्ही तुकडे जुळल्याशिवाय पुढचा टाका नाही. त्यांच्या वडलांच्या दुकानातला हा दंडक होता, कारण तिथं लहान मुलांचे कपडे शिवले जात. मी एकदा वैतागून म्हटलं होतं, “अण्णा, सोडा हो, एवढीशी सुई!” त्यांनी मान वर केली नाही. “बेडा अक्का, नको. एवढीशीच टोचते.”

परीक्षेत पहिल्याच फेरीत पास झालेला माणूस मी एकच पाहिला. नंजप्पा. होसकोटे रस्त्यावरच्या एका लाकडाच्या मिलमध्ये ओंडके तपासायचं काम त्याच्याकडे होतं. रांगोळीवरून यंत्र नेताना त्यानं श्वास रोखून धरला होता. जाताना खांद्यावरचा टॉवेल काढून त्यात त्यानं कॉइल गुंडाळली. अण्णा खूश! दिवसभर जो भेटेल त्याला सांगत होते, टॉवेल पाहिलात का? टॉवेल?

त्याच नंजप्पाच्या मिलमध्ये करवतीचा पट्टा तुटला.

रस्त्याकडेच्या जुन्या झाडाचा ओंडका होता. कधीतरी कुणी पाट्या ठोकलेल्या, खिळे आत तसेच. नंजप्पानं यंत्र फिरवून ओंडका पुढे सोडला, करवत खिळ्यावर गेली, पट्टा तुटून उसळला आणि करवतीवर उभ्या माणसाच्या हातावर बसला. तो माणूस नंजप्पाचा मेव्हणा, बायकोचा सख्खा भाऊ. हात वाचला, पण दोन बोटं वाकेनाशी झाली. मिलवाल्यानं यंत्र आमच्याकडे पाठवलं आणि नंजप्पाला घरी.

मूर्तीसाहेबांनी यंत्र बघितलं. लोखंडाची चाहूल किती बारीक घ्यायची ते ठरवणारं संवेदनेचं बटण पार खाली फिरवलेलं. “बघा! यांनीच कमी केलंय. वापरणाऱ्याची चूक.” मिलवाल्याला पत्र टाइप झालं. सोबत यंत्र विकतानाचा माझा तपासणीचा कागद जोडला, ‘यंत्र ठीक’, खाली माझी सही. ती सही बघून मला बरं वाटलं. सांगायला लाज वाटते, पण अगदी सुटल्यासारखं वाटलं.

पत्र गेलं त्या दुपारी अण्णा माझ्या टेबलाशी आले. “अक्का, बटण त्यानं कमी केलं, सरी. पण का केलं?”

“वैतागून केलं असेल.”

“टॉवेलवाला माणूस तो. उगाच करेल?”

त्यांनी यंत्र घेतलं, बटण मूळ जागी वर आणलं आणि दांडा हलवला. डबी चिवचिवली. खाली काही नव्हतं, नुसती लाकडी फळी. पुन्हा हलवला, पुन्हा चिवचिव. मी म्हटलं, आतली तार सुटली असेल. अण्णांनी दोरी सोडून झबलं काढलं आणि नुसती कॉइल फिरवली. चूप. झबलं घातलं, चिवचिव. काढलं, चूप.

ते खुर्चीवर बसले. झबलं उलटं केलं आणि शिवणीवरून बोट फिरवत गेले. एका जागी बोट थांबलं. रक्ताचा ठिपका आला. शिवणीच्या घडीत सुईचं टोक होतं, अर्ध्या नखाएवढं, सुटं.

अण्णांनी खिशातून काडेपेटी काढली. तुकडे फळीवर ओतले, जोड्या लावत गेले. एका तुकड्याला जोड नव्हती. त्याच्यापुढे त्यांनी ते टोक ठेवलं. जुळलं.

“मिलची गाडी फाटकात उभी होती,” ते म्हणाले. “हॉर्न वाजवत होती. म्हटलं, पडला असेल खाली कुठंतरी. शोधला नाही मी. आठवतंय मला.”

आम्ही सगळे मेटल डिटेक्टर बनवणारे! हाताच्या अंतरावर चालू यंत्रं ठेवलेली. त्यातल्या एकाखालून ते झबलं एकदा फिरवावं हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. माझी तपासणी झबलं चढण्याआधी व्हायची. यंत्र तपासायचं असतं. कापडाला काय तपासायचं? इतकी साधी गोष्ट आणि इतकी शिकलेली मी.

आणि तरी मी काय म्हणाले, तर, “अण्णा, पत्र गेलंय. आता कुणाला कळणार नाही.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागानं नाही, रागानं बघितलं असतं तर परवडलं असतं. “नंजप्पाला कळायला नको? त्याला वाटतंय, त्यानं केलं.”

मूर्तीसाहेब वाईट नव्हते, घाबरलेले होते. कारखाना छोटा. अण्णांना समोर बसवून त्यांनी हात जोडले. “तुम्ही हे बाहेर बोललात तर झबली मला बंद करावी लागतील. मग तुम्हाला कशासाठी ठेवू, तुम्हीच सांगा.”

“नका ठेवू,” अण्णा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते होसकोट्याला गेले. मीही गेले. अण्णांना माझी गरज नव्हती, मलाच घरी बसवेना. आधी मिलमध्ये जाऊन त्यांनी मालकाला सांगितलं, मग नंजप्पाच्या घरी. घर एका खोलीचं. मेव्हणा खाटेवर, हाताला पट्टी. बायको चुलीशी, भिंतीकडे तोंड करून. नंजप्पा दारात बसलेला, जसं काही घर दुसऱ्याचं आहे. अण्णांना बघून तो उठला आणि लगेच म्हणाला, “अण्णा, देवाशप्पथ, मी रेघ पुसली नाही.” त्याला अजून रांगोळीच आठवत होती.

अण्णा बसले नाहीत. कानडीत बोलले, मला निम्मं कळलं, पण निम्मं पुरेसं होतं. काडेपेटी उघडून ते दोन तुकडे त्यांनी तळहातावर धरले आणि तिघांनाही दाखवले. हा माझ्या मशीनचा. हा तुझ्या यंत्रात होता. गाडी थांबली होती म्हणून मी शोधला नाही.

नंजप्पानं एका बोटानं ते टोक चाचपलं. मग म्हणाला, “मी सांगत होतो ना, ती सारखी ओरडतेय? खिळा नसताना ओरडत होती. मालकाला सांगितलं, हिला सांगितलं. कुणी ऐकलं नाही. मलाच वाटायला लागलं, माझे कान बिघडले. शेवटी बटण खाली केलं.” आणि तो रडायला लागला. एवढा मोठा बाप्या, ढसाढसा.

बायको वळली. तिनं अण्णांना जे सुनावलं ते मला पूर्ण कळलं. “माझ्या भावाची बोटं आता वाकत नाहीत. तुमची वाकतात.”

“हो अम्मा,” अण्णा म्हणाले. मी वाट बघत होते की ते काही तरी म्हणतील, वय झालं, घाई होती, एकदाच चुकलो. काही म्हणाले नाहीत. तिथंच उभे राहिले, तळहात तसाच धरून.

तिनं कॉफी केली. पहिला पेला तिनं नवऱ्यापुढे ठेवला. नंजप्पा त्या पेल्याकडे असा बघायला लागला की मीच मान फिरवली. दुसरा भावाला. मग थोडं थांबून तिसरा अण्णांना. माझ्या वाट्याला आला नाही आणि ते योग्यच झालं.

पुढच्या आठवड्यात नंजप्पा कामावर परत गेला. अण्णांचं शिलाई मशीन त्याच टेम्पोत घालून चिकपेटला गेलं.

तीन महिने आम्ही झबल्याशिवाय यंत्रं विकली. मग एकेक करून फुटक्या कॉइली यायला लागल्या, आणि त्यांना झापायला कुणी नव्हतं. मूर्तीसाहेबांनी आठवडाभर ते ढीग बघितले आणि मला म्हणाले, “तुम्ही जाऊन या. माझ्यानं होणार नाही.”

गल्लीतल्या त्या घरात अण्णा नातवाच्या पँटची चेन बसवत होते. माझं सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, “येतो. पण एक आहे. प्रत्येक झबलं शिवून झालं की यंत्राखालनं जाईल. आधी मी फिरवणार, मग तुम्ही. आणि अक्का, तुमची सही झबल्यानंतर. आधी नाही.”

“माझ्यावर विश्वास नाही?” मी पुण्याची, उसळलेच.

“माझ्यावर नाही,” ते म्हणाले.

त्यानंतर तीन वर्षं तसंच चाललं. एक झबलं, दोन फेऱ्या, मग सही. गाडी फाटकात कितीही कोकलली तरी. मूर्तीसाहेब स्वतः जाऊन ड्रायव्हरला सांगत, स्वल्प थांब बाबा. अण्णांचे हात थरथरायला लागले तेव्हा त्यांनी वेढे घालणाऱ्या बायकांतल्या दोघींना शिवण शिकवली, काडेपेटी त्यांच्या हवाली केली आणि आपणहून थांबले. निरोपाला भिंतीवरचं घड्याळ द्यायचं ठरलं होतं. अण्णा म्हणाले, घड्याळ बेडा, हातात धरायचं लहान यंत्र द्या. मूर्तीसाहेब हसले आणि तेच दिलं. म्हाताऱ्याला खेळणं पाहिजे, असं आम्हाला वाटलं.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते माझ्या मुलीच्या बारशाला. नव्वदची वर्षं सरत आली होती. आमच्या येलहंक्याच्या घरात पुण्याची माणसं, शेजारची माणसं, नुसता गोंधळ. अण्णा दोन बस बदलून आले. फार वाळले होते. कापडी पिशवीतून त्यांनी मऊ मलमलचं एक झबलं काढलं. टाके थोडे वाकडे होते. बंद बांधायचे, बटण एकही नाही. सासूबाई कौतुकानं हात पुढे करून म्हणाल्या, “आणा, घालते लगेच.”

“स्वल्प थांबा अम्मा.”

त्यांनी पिशवीतून ते लहान यंत्र काढलं. आमच्या पुण्याच्या आत्याबाईंनी तर माझ्याकडे असं बघितलं की हा गृहस्थ कोण! अण्णांनी झबलं उलटं करून टेबलावर पसरलं आणि यंत्र फिरवलं. ते ओरडलं. अण्णांचा चेहरा एकदम उतरला. मग त्यांच्या लक्षात आलं, त्यांनी सासूबाईंचा बांगड्यांचा हात हळूच बाजूला केला आणि पुन्हा फिरवलं. बाह्यांवरून, गळ्यावरून, एकेका शिवणीवरून. दोन बोटं वर. चूप.

मग यंत्र त्यांनी माझ्या हातात दिलं.

मी अंगठ्या काढल्या, बांगड्या काढल्या आणि भर बारशात, हळदीकुंकवाच्या ताटाशेजारी, त्या झबल्यावरून यंत्र फिरवलं. एकेक शिवण. माझे डोळे भरून आले होते, तरी एकही शिवण सोडली नाही. अण्णा चष्म्यावरून बघत होते.

“ठीक आहे, अण्णा,” मी म्हणाले.

“सरी,” अण्णा म्हणाले. “घाला आता तिला.”